बापाशीची डुक्कर फियाट

नाव सांगत नाही. कट्ट्याहून मालवणला येताना ज्यांच्या मांगरावर निळी ताडपत्री आहे, ते घर. निळी ताडपत्री निम्म्या तालुक्यात आहे, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये.

त्या घरातल्या थोरल्याने, साठीला टेकलेल्या माणसाने, गेल्या मे महिन्यात टेम्पोवर लादून एक गाडी आणली. चालू होत नाही, दरवाजा सुतळीने बांधलेला, मागची काच नाही. आम्हाला वाटलं, भंगाराचा धंदा काढला. तर नाही! ही म्हणे बाबांची फियाट.

बाबांची म्हणजे बाबांनी स्वतःच्या हाताने विकलेली. आणि खरी गजाल इथेच आहे. १९८३मध्ये वसंतदादांनी राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली, आणि मार्कांनी जिथे पोचता येत नव्हतं तिथे डोनेशनने पोचता यायला लागलं. थोरल्याचे मार्क वाडीला ठाऊक आहेत. बाबांनी पुढल्याच वर्षी फियाट काढली आणि झील इंजिनिअर झाला. आता त्याच इंजिनिअरने, मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजून, तीच गाडी परत घरात घेतली. त्याची आई ओटीवरून एवढंच म्हणाली, "म्हंजे तुझा शिक्षान फुकट गेला काय रे?"

गाडी तरी कसली? वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवलेली जुन्या चालीची ११००. पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे दार उलटं उघडायचं. १९७४मध्ये फियाटची पद्मिनी झाली, ती चितोडच्या राणीच्या नावाने. हिला मात्र मुंबईकर डुक्कर फियाट म्हणायचे. हे ऐकून शेजारची म्हातारी जी सुटली! "रानडुकरां भात खातत, तेंका हाकलूक कोण नाय, आणि ह्यो डुक्कर फियाटीच्या फाटी धावता!" यावर बोलायला कुणाला काही सुचेना, कारण त्याच्या कोपऱ्यातलं भात खरोखरच डुकरांनी लोळवलं होतं.

शोध कसा लागला, तेही ऐकण्यासारखं. गाडीचा जुना मुंबईचा नंबर त्याला तोंडपाठ. घराचा गट नंबर विचारा, तलाठ्याकडे बोट दाखवेल. जुन्या गाड्यांचे सगळे कागद काही संगणकावर आलेले नाहीत, त्यामुळे आरटीओच्या खिडकीत थोडं आणि गॅरेजांत जास्त, असा तो फिरला. गाडी फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेली होती. तिथे शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीला गिऱ्हाईक आठवलं, त्या गिऱ्हाइकाला पुढचं गिऱ्हाईक, आणि निपाणीच्या अलीकडे एका गोठ्यात, वैरणीच्या पेंढ्यांखाली ही सापडली. बॉनेट उघडून त्याने चेसिस नंबरवरचा गंज चिंधीने आणि रॉकेलने पुसला, वर पातळ कागद धरला आणि आरटीओवाले घेतात तसा पेन्सिल आडवी घासून छाप घेतला. एकेक आकडा पांढरा उठत गेला. ही हकिगत तो लग्नात, बाराव्याला, कुठेही सांगतो आणि प्रत्येक वेळी त्याचा गळा दाटतो. आम्ही तेवढ्यात जिलबी उरकतो.

गळा दाटायला त्यात बाबांचं उरलंय काय, हे मात्र विचारायचं नाही. रंग तिसरा. सीटा रेक्झिनच्या, बाबांच्या वेळी कापडाच्या होत्या. पायाखालचं रबर उचललं की खालची चिऱ्याची जमीन दिसते. बाकी टिंकरिंगवाला म्हणे गंजापेक्षा लांबी जास्त आहे. आणि इंजिन डिझेलचं! त्या काळी पेट्रोल परवडेना म्हणून भल्याभल्या फियाटींची पोटं कापून डिझेलची इंजिनं बसवली गेली, तशी हिचीही. शाबूत आहे तो स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा आणि दारावरची तिकोनी काच. त्या काचेवर आत्याचा हक्क. गगनबावड्याच्या घाटात तिने डोकं तिथूनच बाहेर काढलं होतं, कशासाठी ते सांगायला नको. आत्याने गाडीकडे एकदाच पाहिलं आणि सरळ विहिरीकडे निघून गेली.

एकाचं खूळ एकाजवळ राहतं तर बरं होतं. आता देवगडात कुणी आजोबांची जीप शोधतंय, वेंगुर्ल्यात कुणी लॅम्ब्रेटा. सावंतवाडीत एकाने देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबांची प्रिया सापडली, कराडला आहे." त्याच्या आईच्या हातातलं निरांजन हललं. साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया नावाची स्कूटर बनायची, हे खुलासेवार सांगेपर्यंत आरती संपली होती आणि बातमी बांद्याला पोचली होती.

आणि यांना समजवायला जावं तर तोंडावर मोठमोठी नावं फेकतात. खुद्द सचिन तेंडुलकरने २०२०मध्ये आपली पहिली मारुती ८०० परत मिळावी म्हणून लोकांना हाक घातली, मग आम्ही कोण? शास्त्रीजींची फियाट आजही दिल्लीच्या स्मारकात उभी आहे की नाही? आहे. पण ती त्यांनी बँकेचं ५ हजारांचं कर्ज काढून घेतली आणि ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडली. जी फेडली ती ठेवली, हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे विकलेली परत आणतात! त्यापेक्षा गुजरातेत अमरेलीकडचं ते कुटुंब बरं. २०२४मध्ये त्यांनी आपल्या भाग्यवान वॅगनआरला खड्डा खणून समाधी दिली, गावजेवण घातलं आणि विषय संपवला.

आमच्याकडे विषय नुकता सुरू झालाय. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, २० हजार भरायचे, दहा वर्षं बघायला नको. सरकारी माणूस अठ्ठावन्नला घरी जातो, गाडीला मात्र पन्नाशीनंतर मान. थोरला हरखला. मग कुणीतरी नियम वाचून दाखवला: गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात फेरफार चालणार नाही. डिझेल इंजिन तिथेच आडवं आलं. तेव्हा ते काढून पेट्रोलचं शोधणं आलं. शोध क्रमांक दोन.

त्यासाठी जुने कागद बाहेर काढले, तर त्यात निघाला साप. निपाणीपर्यंत चार हात फिरलेली ही गाडी एकानेही नावावर करून घेतली नव्हती. कागदोपत्री मालक अजून बाबाच! आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगून ठेवलंय की अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात पडते. म्हणजे निपाणीत ती कुणाला ठोकली असती तर नोटीस मालवणच्या ओटीवर. वहिनींनी देवाला नारळ ठेवला.

पण मालक बाबा, आणि बाबा तर वारले. म्हणजे आता फॉर्म ३१, म्हणजे वारस, म्हणजे सगळ्या भावंडांच्या सह्या. ज्या घराच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत, तिथे ही मागणी! ठाण्याची बहीण म्हणते, सही देते, पण पुढची सीट माझी. मधला म्हणतो, डोनेशन तुझं भरलं, तेव्हा गाडी धरून तुझा वाटा पोचला. धाकटा सगळ्यांत हुशार. तो म्हणतो, आधी घराचं आणि कलमांचं वाटप, मग गाडीवर सही. तीस वर्षं तहसीलदाराला जे जमलं नाही ते या फियाटने केलं, चौघं एका ओटीवर बसायला कबूल झाले.

बैठक चवथीला ठरली आहे. आमच्या वाडीचं भजन त्याच रात्री त्यांच्याकडे असतं, त्यामुळे आमंत्रणाची अडचण नाही. यंदा अभंग थोडे कमी म्हणू.