रा. रा. साथरोग कायदा यांस, घोडेगावच्या बाजारातून

रा. रा. साथरोग कायदा (जन्म 4 फेब्रुवारी 1897, कलकत्ता) यांस,



पत्र घोडेगावहून लिहितो आहे. तालुका नेवासा, नगर-संभाजीनगर रस्ता. आमच्याकडे शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. दावणीला जनावर दिसलं की गिऱ्हाईक आधी त्याचा जबडा उघडतं. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेलं. वय दातांवर लिहिलेलं असतं, विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबून कोणी इसार देत नाही. 2020 च्या मार्चमध्ये सरकारनं तुम्हाला दावणीला आणून बांधलं, तेव्हा तुमचा जबडा उघडायला मात्र कोणी धजलं नाही. वय वर्षे 123, पण चावा काय तो!

तुमचा जन्म घाईतला. मुंबईत प्लेग पसरला आणि विधेयक मांडल्यापासून आठवडाभरात तुम्ही मंजूर झालात. कलमं अवघी चार. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारनं लागेल ते करावं अशी मुभा. तिसऱ्यात, न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, सद्‌हेतूनं वागलेल्यावर कोणी दावा लावायचा नाही. भयंकर साथ कशाला म्हणायचं हे सांगायचं तुम्ही विसरलात. हे सगळं किती दिवस चालायचं, तेही विसरलात. भरपाईचा शब्द दुसऱ्या कलमात आहे म्हणा, पण त्याच्यापुढे 'असल्यास' जोडलेलं. आमच्या बाजारात एखादा व्यापारी म्हणाला, 'म्हैस गाभण आहे, असल्यास', तर लोक भाव करायला त्याला रुमालाखाली हातसुद्धा देणार नाहीत.

पुण्यात तुमच्या जोरावर प्लेग अधिकारी रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत, माजघरापर्यंत घुसले. आमच्या शेजारी शनिशिंगणापूरला परंपरेनं घरांना दारंच नसतात. तिथं आले असते तर बिचाऱ्यांचे कष्ट वाचले असते. पुढे 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली, त्यासाठी चापेकर फासावर गेले आणि 'केसरी'तल्या लिखाणासाठी टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. सद्‌हेतू तेव्हाही होताच.

कोविडमध्ये बाजार बंद ठेवला, याबद्दल माझी तक्रार नाही. रोग खरा होता, माणसं खरोखर मरत होती आणि आमच्या बाजारात जनावराला जनावर आणि माणसाला माणूस खेटूनच उभा असतो. तक्रार तुमच्या तिसऱ्या कलमाची. ते भारतीय दंड संहितेच्या कलम 188 कडे बोट दाखवायचं, आणि लोकांवर गुन्हे लिहिले जायचे. 2022 मध्ये टाळेबंदीच्या काळातले 188 खालचे खटले मागे घ्यायचं राज्य सरकारनं ठरवलं. चांगलं केलं. पण गुन्हा होता तर मागे का घेतला, आणि नव्हता तर लिहिला कशाला, हे विचारायचं कोणाला? तिथं तुमचं चौथं कलम दारात आडवं.

बाजार बंद होता तरी जिल्ह्यात बळीचा बकरा मात्र मिळाला. तबलिगी जमातीच्या 29 परदेशी पाहुण्यांवर नगर जिल्ह्यात गुन्हे नोंदले गेले, त्यांत तुमचंही नाव होतं. 21 ऑगस्ट 2020 ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केले. संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधतं, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं. शेळ्या-बोकडांचा सौदा करणाऱ्या गावाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

2022 च्या सप्टेंबरात लंपी आला आणि जनावरांचे बाजार पुन्हा बंद झाले. ते काम तुमचं नव्हे, जनावरांसाठीच्या 2009 च्या कायद्याचं. त्यात रोगांची यादी तरी जोडलेली आहे. म्हणजे कोणता रोग आल्यावर कायदा लागू होणार, हे आमच्या गाई-म्हशींना आधीच ठाऊक. माणसांना अजून नाही.

22 एप्रिल 2020 ला वटहुकमानं तुम्हाला नवे दात बसवले: डॉक्टर-नर्सवर हात टाकून गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. हे दात मात्र चांगल्या कामाचे, मान्य. पण चौथं कलम जसंच्या तसं राहिलं, मुदतीचा खुंटा कुठंच ठोकला गेला नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगानं आपल्या 286 व्या अहवालात तुमच्यातल्या उणिवा दाखवल्या आणि दुरुस्ती करा किंवा नवा कायदा आणा, असं सुचवलं.

तेव्हा साहेब, पुढच्या साथीत याल तेव्हा वय, मुदत आणि जबाबदार माणसाचं नाव लिहिलेला दाखला गळ्यात बांधून या. बाजार शुक्रवारी असतो. इथं जबडा उघडल्याशिवाय सौदा होत नाही.

आपला,
घोडेगावचा एक म्हशीवाला