नानांचं कुणाला काही कळत नाही

नाना टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या लाइनवर काय चाललंय ते ऐकणं किती सोपं असतं हे त्यांना नोकरीतच कळलेलं, त्यामुळे आपलं काही कुणाच्या कानी पडू द्यायचं नाही हा पण जुनाच. २०१३ साली स्नोडेननं अमेरिकन सरकारची हेरगिरी चव्हाट्यावर आणली, तेव्हा कोथरूडमध्ये निर्भेळ आनंद झालेला हा एकच माणूस. ‘‘मी म्हणत नव्हतो?’’

गूगलपासून सुटायचं म्हणून नानांनी पहिलं काय केलं, तर गूगलचाच पिक्सेल फोन घेतला. त्यावर ग्राफीनओएस ही दुसरी सिस्टीम चढवायची होती आणि ती पिक्सेलवर बसते. काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!’’ मग नानांनी त्यांना बूटलोडर समजावला. मूळ सिस्टीम काढून दुसरी घातली, तरी या फोनचा बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो, मध्ये कुणी ढवळाढवळ केली तर फोन चालूच होत नाही, वगैरे. काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.

नाना फोन उघडतात तो सोहळा बघण्यासारखा असतो. मागून कुणी बोटांवरून पिन ओळखू नये म्हणून पडद्यावरचे आकडे दर वेळी जागा बदलतात. नाना चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकाशी नेतात आणि शोधू लागतात, ‘‘चार... चार कुठे गेला... हां. आता सात.’’ कोपऱ्यावरच्या भाजीवालीला नानांचा पिन तोंडपाठ आहे. आणखी एक पिन आहे. कुणी धाकदपटशा करून फोन उघडायला लावलाच, तर तो द्यायचा. टाकला की फोन पुसून कोरा. चोर अजून आलेला नाही, पण नानांनी तो पिन स्वतःच टाकलाय.

लॅपटॉप थिंकपॅड एक्स२००, २००८ सालचा, जुन्या बाजारातला. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक दडलेला असतो, मालकालाही न जुमानणारा. या जुन्या मॉडेलातून तो समूळ काढून बायोसच्या जागी लिब्रबूट घालता येतं. त्यासाठी नानांनी लॅपटॉपची आतडी डायनिंग टेबलावर मांडली, बायोसच्या चिपला चिमटा लावला, चिमट्याच्या वायरी रास्पबेरी पायला जोडल्या आणि घरात फॅन लावायला बंदी केली. घरच्यांची जेवणं ओट्यापाशी उभ्यानं झाली. त्या लॅपटॉपला टचपॅड नाही, मधोमध एक लाल टिकली आहे. नातीच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ त्यावर अडखळत चालतो. कृष्ण हात वर करतो आणि तसाच राहतो.

नानांचं म्हणणं खोटं आहे असं मात्र मुळीच नाही. टॉर्चच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट कशाला लागतात, या त्यांच्या प्रश्नावर मी अजून निरुत्तर आहे. अडचण एवढीच की नानांचा संसार काकूंच्या फोनवर चालतो. बँकेचं ॲप नानांच्या फोनवर उघडायलाच तयार नाही: नानांना बँकेचा संशय, बँकेला नानांचा. त्यामुळे पेन्शन जमा झाल्याचं बघणं, दुधाचे पैसे, गॅसचं बुकिंग, नानांच्या शुगरचे रिपोर्ट, सोसायटीचा ग्रुप, सगळं काकूंकडे. ‘‘गूगलला मी दिसतच नाही,’’ असं नाना सांगतात, तेव्हा ते काकूंबरोबर फिरत असतात आणि काकूंचा फोन दोघांची पावलं मोजत असतो.

परवा आम्ही नानांच्या गाडीतून नाशिकला त्यांच्या मेव्हण्याकडे गेलो. नकाशा ऑरगॅनिक मॅप्सचा, घरीच उतरवून घेतलेला, इंटरनेट न लागणारा. नवा उड्डाणपूल काही त्यात नव्हता. नानांनी पानाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, काच खाली केली आणि पानवाल्याला मेव्हण्याचं नाव, बिल्डिंग, मजला, फ्लॅट नंबर, त्याचं हर्नियाचं ऑपरेशन आणि आपण संध्याकाळपर्यंत कोथरूडच्या घरी नसल्याचं सविस्तर सांगितलं. पानवाला विचारात पडला. तेवढ्यात मागच्या सीटवर काकूंच्या पर्समधून एक बाई बोलली, ‘‘दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा.’’

नाना वळले.