कोल्हापुरात हवामान कसे वाचावे : नवागतांसाठी सूचना

कोल्हापुरात बदलून येणारे अधिकारी, शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेणारे विद्यार्थी आणि लग्न करून इथल्या घरात येणाऱ्या सुना यांना तांबडा-पांढरा रस्सा कसा ओरपावा हे कोणीही हौसेने शिकवते. हवामानाच्या बाबतीत मात्र त्यांना अक्षरशः वाऱ्यावर सोडले जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना. त्या क्रमाने पाळाव्यात. पाऊस क्रम पाळेलच असे नाही.

सूचना पहिली : आधी तालुका विचारावा

"कोल्हापूरला पाऊस आहे का?" असे विचारणारा परगावचा, हे लगेच कळते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेकडच्या शिरोळला पाचशे-सहाशेवर समाधान मानावे लागते. हा सगळा फरक शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच बहुतेक माल उतरवून टाकतात. शिरोळला पोचते ती उरलीसुरली सर.

याचा अर्थ शिरोळकर सुखात असतात असा काढू नये. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत पडलेले पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून प्रयाग चिखलीला एकत्र येते, पंचगंगा होऊन शहराला वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत शिरते. त्यामुळे डोक्यावर ऊन आणि दारात पूर, ही सोय फक्त शिरोळ तालुक्यात मिळते. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढले, की देवही वरच्या जागी मुक्काम हलवतात. माणसांनी त्यातून बोध घ्यावा.

सूचना दुसरी : नक्षत्रांचा मान राखावा

मोबाइलवर ढगाचे चित्र बघून बोलू नये. 7 जूनच्या आसपास मृग निघतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती कारभार जातो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, एवढे तोंडपाठ असावे. प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचे. बाकी सांगेल ते वाहन. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस दणकून. गाढव निघाले तर मान हलवून गप्प बसावे. अंदाज चुकलाच तर पंचांगाला कोणी नोटीस पाठवत नाही. वेधशाळेला ही सवलत नाही.

सूचना तिसरी : फूट आणि इंचांत बोलावे

ही सर्वांत महत्त्वाची सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये इथे तब्येतीची चौकशी नंतर होते, आधी पातळी. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना पोचली की इशारा, 43 फुटांना धोका. चहाच्या गाड्यावरचे संभाषण असे चालते :

"किती झाली?"

"एकोणचाळीस-दोन."

"आणि राधानगरी?"

"सहा नंबरचं दार उघडलंय पहाटे."

"मग रात्रीपर्यंत बघायला नको."

यात भाग घेण्यासाठी किमान ज्ञान असे. राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दारातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत पडते. फाइल नाही, सही नाही. पाण्याच्या कारभारात ही गोष्ट दुर्मीळच. शिवाय रोज किती बंधारे पाण्याखाली गेले हा आकडा, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती, हा आकडा. अलमट्टीचे नाव निघताच पुराचे खापर तिकडे फोडत आवाज चढवावा. न चढवल्यास निष्ठेबद्दल शंका घेतली जाते.

शहरातले अस्सल लोक फूटही विचारत नाहीत. पाणी जामदार क्लबपर्यंत आले की गायकवाड वाड्याजवळ, एवढ्यावर त्यांना पुढचे दोन दिवस कळतात. सुतारवाड्यातल्या कुटुंबांना आधी हलवतात, आणि बाकीचे शहर मोबाइल उंचावून शिवाजी पुलाकडे निघते.

पूर बघायला जाणे हा इथला जुना शौक असला, तरी 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांवर आणि 2021 च्या जुलैमध्ये 56 फुटांवर गेली, तेव्हा बघ्यांचीच घरे बघण्याची वेळ आली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, दुधाच्या गाड्या अडकलेल्या, पेट्रोल जपून. उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे पडले आणि लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभे राहिले.

सूचना चौथी : पादत्राणांची काळजी

अस्सल कोल्हापुरी चप्पल पावसात घालणे हा गुन्हा नाही, पण शिक्षा मिळतेच. चामडे पाणी पिते, फुगते, मग बुरशी धरते. मृगाच्या आधी ती पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. त्या पानावर पुराच्या पातळीची बातमी असल्यास दिवाळीत उलगडताना वाचायलाही होते.

सूचना पाचवी : थंडीचे नाटक मनापासून करावे

जानेवारीत किमान तापमान पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळते. उत्तर भारतातल्या माणसाने यावर हसू नये. कानटोपी घालावी आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यावे. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ ऊब घ्यावी, काहिलीतून काकवी मिळाल्यास नाही म्हणू नये.

याच हंगामात अंबाबाईचा किरणोत्सव असतो : 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोचायचे असतात. ढग, धूळ, दमट हवा किंवा वाटेतले एखादे बांधकाम आडवे आले तर ते मध्येच विरतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात किरण कुठवर चढले याची सविस्तर बातमी येते.

सूचना सहावी : वळवाचा अंदाज बांधू नये

एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत अंगाची काहिली, चारनंतर पश्चिमेला काळे ढग, मग धुळीचा लोट, वीज गायब, आणि कधी गारा. अर्ध्या तासात सगळे आवरते. लग्नाचा मांडव उघड्यावर घालणाऱ्याने वधूपित्याशी आधीच लेखी करार करावा.

सूचना शेवटची : घर बघताना

एजंट बाल्कनीतून नदी दाखवेल. ती बघून घ्यावी. मग खाली उतरून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला 2021 ला पाणी कुठवर होते ते विचारावे. तो बोलणार नाही, भिंतीवर हात ठेवून दाखवेल. हात खांद्याच्या वर गेला तर चहाचे पैसे द्यावेत, टोकन देऊ नये.