विचारांचे गोदाम

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि उरणच्या मिठागरांच्या, भातशेतांच्या पट्ट्यात कंटेनरची गोदामे उभी राहिली. तिथे अनेक व्यापाऱ्यांचा किरकोळ माल एका कंटेनरमध्ये भरतात, आलेला माल फोडून वेगळा करतात. पण 'हा माल मी बनवला' असे तिथला एकही हमाल म्हणत नाही.

एवढा विनय टिपा साठवायचे 'ऑब्सिडियन' ॲप वापरणाऱ्यांना परवडत नाही. त्या ॲपला जोडलेले प्लगइन इकडच्या टिपेतला परिच्छेद, तिकडच्या टिपेतले वाक्य उचलून नव्या पानावर मांडते आणि मालकाला वाटते, आपल्याला विचार सुचला! बंदरात माल पडून राहिला तर डेमरेज भरावे लागते. टिपा मात्र वर्षानुवर्षे फुकट मुक्कामाला.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या आणि त्यांतून पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेही बिनप्लगइनचे. दोघांचीही एक मोठी गैरसोय होती: लिहायचे सोडून टॅगचे रंग बदलत बसण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती.