अप्रकाशिताचा उपासक

प्रकाशित वस्तूवर प्रेम करणे हा सामान्य जनांचा धर्म होय. परंतु जिच्या जन्मदात्या कंपनीनेच जिचा जन्म नामंजूर केला, अशा वस्तूच्या विरहात आयुष्य कंठणारा एक पंथ अमेरिका, इंग्लंड आणि जपान या देशांत नांदत असून, रद्द झालेल्या व्हिडिओ गेमचा शोध हे त्या पंथाचे नित्यकर्म आहे.

या पंथाचा साधक बहुधा चाळिशी ओलांडलेला, किंचित स्थूल आणि अतिशय सौजन्यशील गृहस्थ असतो. दुकानातून आणलेले शेकडो खेळ त्याच्या कपाटात पडून असतात. त्यांच्याविषयी विचाराल, तर "ते काय, सर्वांकडेच आहेत" एवढे बोलून तो विषय निकालात काढील. मात्र १९९५ साली जवळजवळ सिद्ध होऊनही निन्टेंडो कंपनीने ज्याला दप्तरदाखल केले, त्या 'स्टार फॉक्स २'चे नाव निघताच त्याचा कंठ दाटून येतो. नवी, अधिक समर्थ यंत्रे बाजाराच्या वेशीवर आली असता जुन्या यंत्रावरचा त्रिमितीय खेळ फिका दिसेल, ही कंपनीची भीती व्यापारदृष्ट्या ग्राह्य असली, तरी साधकाच्या न्यायासनापुढे हा उजर टिकत नाही.

त्याची संशोधनपद्धती काटेकोर असते. जुन्या मासिकातील अंधूक छायाचित्र भिंगाखाली धरून तो तासन्‌तास बसतो, आणि खेळाच्या निर्मितीशी संबंध असलेल्या एखाद्या निवृत्त प्रोग्रामरला अत्यंत अदबीने पत्र धाडतो. त्या वर्षीचे आपणास एवढेच स्मरते की मागितलेली रजा मिळाली नव्हती, असे उत्तर आले, तर "म्हणजे काम ऐन भरात होते" असा निष्कर्ष काढून तो ते पत्र अस्सल पुराव्यांत सामील करतो.

प्रत्यक्ष वस्तू हाती लागली, तर मात्र जुन्या वाड्याच्या माळ्यावरील दप्तराचा रुमाल सोडताना इतिहाससंशोधकाची जी मुद्रा होते, तीच त्याची होते. परीक्षणासाठी काढलेले असले नमुने बहुधा ईप्रॉम नावाच्या चिपवर लिहिलेले असत. तिच्या माथ्यावर स्फटिकाची एक लहानशी खिडकी असून, तीतून अतिनील किरण आत शिरले की मजकूर पुसला जातो, आणि खिडकीवर कागद चिकटवून ठेवला तरी चिपमधील विद्युद्भार कालांतराने झिरपून जाण्याची धास्ती उरतेच. हे ज्ञान झाल्या दिवसापासून आमच्या साधकाने सूर्याशी असहकार पुकारला असून, घरातील कुंड्या वाळल्याबद्दल पत्नीने केलेली तक्रार तो विचाराधीन ठेवतो.

श्रद्धेला मात्र ओहोटी नाही. २००५ साली 'बायो फोर्स एप' या वानरनायकाच्या अप्रकाशित खेळाची प्रत सापडल्याची सचित्र वार्ता प्रसृत झाली आणि ती निखालस बनाव ठरली; तथापि जिची बतावणी करावी एवढी जिची योग्यता, ती वस्तू असलीच पाहिजे, असा तर्क त्याने लढविला, आणि दैवाचा विनोद असा की पुढे जपानमधील एका लिलावात खरी प्रत निघून तो तर्क खराही ठरला.

परंतु खरे संकट अपयशातून नव्हे, यशातून येते. २०१७ च्या सप्टेंबरात निन्टेंडोने लहान आकारात पुनश्च काढलेल्या आपल्या जुन्या यंत्रात 'स्टार फॉक्स २' राजरोस घालून दिला, आणि ज्याच्या अपुऱ्या नकला इतकी वर्षे चोरवाटेने फिरत होत्या, तो खेळ यंत्राबरोबर कोणाही बालकाच्या हाती पडू लागला. ज्या प्रकाशनासाठी साधकाने अर्जविनंत्या केल्या, ते घडताच त्याच्या मुद्रेवर अकस्मात पेन्शनीत निघालेल्या कारकुनाची कळा आली. अभिनंदनार्थ आलेल्या मित्रांसमोर तो काही काळ खिन्नपणे खेळला, मग एकाएकी यंत्र बंद करून ताठ बसला आणि म्हणाला, "ही तर शुद्ध करून दिलेली अखेरची प्रत. मधल्या अशुद्ध प्रती सगळ्या सापडल्या आहेत, असे छातीवर हात ठेवून कोण सांगतो?"