मामांचा कान आणि चार टीबी

सोलापुरात आवाज न करणारी वस्तू शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात रिकामी खोली शोधणं. तरी मी महिनाभर शोधली आणि घरी आणली. खोक्यावर छापलं होतं, 'आवाज फक्त 20 डेसिबल'. हा आकडा कुठल्यातरी गादी लावलेल्या खोलीत, श्वास रोखून मोजलेला असणार. आमच्या घराच्या डाव्या भिंतीपलीकडे आठ यंत्रमाग आहेत आणि उजवीकडे मंगल कार्यालय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीत ती दोनदाच पाळली जाते: लाईट गेल्यावर, आणि भारत हरल्यावर.

वस्तू म्हणजे पावाच्या लादीएवढी काळी पेटी. आत दोन हार्ड डिस्क, मागे एक पंखा, एक वायर राउटरला. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ, घरपट्टीच्या पावत्या रात्री आपोआप त्यात जाऊन बसतात. दुकानदार तिला 'नॅस' म्हणतो. माझ्या मामींनी ते ऐकलं आणि नस दबल्यावर कुठलं तेल चोळायचं ते मला सांगितलं.

आता हे लचांड कशाला, असं विचारणाऱ्या सोलापूरकराला मी उलट विचारतो, तुझ्या गच्चीवर किती टाक्या आहेत? दोन. जिन्याखाली? हौद. मोरीत? पिंप, दोन घागरी आणि 'असू दे' म्हणून भरलेली बादली. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी नळाला पाणी काही दिवसांआडच येणार, हे या गावाला पाठ आहे. नळावर विसंबणारा माणूस इथे बावळट ठरतो. आणि हाच हुशार माणूस पोराच्या बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो मात्र फुकटच्या नळावर सोडून निवांत होता. गुगलने 2015 मध्ये फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा दिली. 1 जून 2021 पासून ती बंद केली आणि मेल, फोटो, फाइल सगळं मिळून 15 जीबीवर आणलं. त्या दिवशी आमच्या घरात कोणी हूं की चूं केलं नाही. पाणी एक दिवस उशिरा आलं की हेच घर नगरसेवकाच्या दारात घागर वाजवायला तयार असतं.

तर मी टाकी बसवली. आधी डिस्क निवडणं आलं. तिथे एक खोच आहे, जी दुकानात कोणी सांगत नाही. काही डिस्कांमध्ये माहितीच्या रेघा एकमेकींवर थोड्या थोड्या चढवलेल्या असतात, छपरावरच्या कौलांसारख्या. जागा वाचते, पण खालचं एक कौल बदलायचं तर वरची आधी उचलावी लागतात. रोज लिहायचं-पुसायचं असेल, किंवा एक डिस्क गेल्यावर दुसरीवरून सगळं परत उतरवायचं असेल, तर ही कौलं फेस आणतात. अशाच पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्क कौलारू आहेत, हे वेस्टर्न डिजिटलने 2020 मध्ये गिऱ्हाइकांनी बोंब मारल्यावर कबूल केलं. तेव्हा दुकानदाराला नुसतं 'एसएमआर की सीएमआर?' विचारा. एसएमआर म्हणजे कौलारू, उत्तर सीएमआर हवं. त्याने 'साहेब, दोन्ही चांगल्या' म्हटलं तर चहा पिऊन निघा.

मी चार-चार टीबीच्या दोन घेतल्या आणि एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर, अशी आरसा पद्धत लावली. म्हणजे आठचे पैसे, चारची जागा. पेटी सुरू केल्यावर पडद्यावर दिसलं 3.6. दूधवाल्याच्या मापाची आठवण झाली. यात मात्र कोणी पाणी घातलेलं नाही: डिस्कवाला हजाराच्या पटीत मोजतो आणि पेटी 1024 च्या. भांडण लावायला माणसंच हवीत असं नाही.

पेटी पहिल्यांदा ठेवली ती बैठकीतल्या लोखंडी कपाटावर. रात्री दहाला माग थांबले, मंगल कार्यालयातला शेवटचा टेम्पो गेला, आणि मामांनी मान वर केली.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. आयुष्य गिरणीत आणि नंतर मागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून गेलं. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर, स्टेथोस्कोप नसलेला. धोट्याचा ठोका अर्ध्या बोटाने चुकला तरी बारा मागांतून तो कुठला ते चालत येता येता सांगायचे. त्या शेडने त्यांच्या कानाची किंमतही वसूल केली. गोंगाटाने बहिरेपण येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यामुळे मामांना मोबाईलची रिंग ऐकू येत नाही. मामींचं बोलणंही ऐकू येत नाही, निदान ते तसं म्हणतात. पण जाड, खालच्या पट्टीतली घरघर? ती त्यांना पायाच्या अंगठ्यातून कळते.

"काय आणलास बे हे?"

"फोटो ठेवायची पेटी, मामा. आवाज करत नाही."

मामांनी कपाटाला तळवा लावला, डोळे मिटले. "दोन हायत बे आत. एक जरा मागं पडलालाय."

मी अंतर्जालावर दोन तास घालवून जे शोधलं असतं ते त्यांनी पाच सेकंदांत सांगितलं. डिस्क मिनिटाला 5400 फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला 90. ते झाले 90 हर्ट्झ, तंबोऱ्याच्या खर्जासारखा सूर. दोन डिस्क असल्या की दोघींचा वेग केसभर वेगळा असतोच. मग दोन सूर कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना खातात आणि खोलीत 'व्हूंऽऽ... व्हूंऽऽ' अशी लाट सुरू होते. आणि मी हा सगळा प्रकार पोकळ लोखंडी कपाटावर ठेवला होता. वीस डेसिबलची पेटी, आणि खाली सहा फुटी भोपळा.

'शांत' हा पेटीचा गुण नाहीच, ती जिथे बसते त्या जागेचा गुण आहे. हे कुठल्याही खोक्यावर छापत नाहीत, कारण तुमचं कपाट त्यांना विकायचं नसतं.

मामा उठले. आतून एक जुना सोलापुरी टॉवेल आणला. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, उगीच नाही. चौपदरी घडी घातली आणि पेटीच्या पायांखाली सरकवली. कपाट गप्प. मी म्हटलं, मामा, पेटीच्या पोटाला हवेची भोकं आहेत, ती बुजतील. तर त्यांनी टॉवेलच्या दोन पट्ट्या केल्या, एक पुढच्या पायांखाली, एक मागच्या. मधून हवा मोकळी. बाजारात यासाठी रबराच्या चकत्या मिळतात. त्या मानांकित नाहीत.

मी त्यांना दाखवायला पेटीतला एक फोटो उघडला: त्यांच्या शेडमधला जुना माग, वर जेकार्ड, आणि त्यातून लोंबणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ. मामा पडद्याकडे बघून हसले. "हे पण फोटो ठेवायचंच मशीन होतं की बे." मी आधी उडवून लावलं, मग गप्प बसलो. चादरीवरचा मोर त्या पुठ्ठ्यातच तर असायचा. भोक असलं की सुई आत जाते आणि ताण्याचा दोरा उचलला जातो, नसलं की दोरा खाली राहतो. आहे किंवा नाही, एवढंच. ल्योंच्या जाकारने हे यंत्र 1804 च्या सुमारास बसवलं. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली, आणि त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. त्याच आयबीएमने 1956 मध्ये पहिली हार्ड डिस्क काढली: दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचं किती, तर पाच एमबी. आजच्या मोबाईलचा एखादा फोटो. त्यात मोर बसला असता, पण वरात नाही.

मे महिना आला आणि दुसरा पेच पडला. पेटीत पंख्याचे दोन बेत असतात, 'शांत' आणि 'थंड'. मी अर्थातच 'शांत' ठेवला होता. बाहेर 43 अंश, वर तापलेला स्लॅब, आणि डिस्कचं तापमान 54. बहुतेक डिस्कांच्या कागदावर मर्यादा 60-65 ची असते, पण मर्यादेला खेटून राहायला ती काही सरकारी फाइल नाही. पेटी शेवटी मधल्या खोलीतल्या कोनाड्यात गेली. जुन्या घराची दोन हात जाड भिंत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, पूर्वी इथे कंदील असायचा. तापमान 46 वर आलं. मार्च ते जून 'थंड', पुढे 'शांत'. बंद कपाटात, दार लावून ठेवायचा सल्ला देणारे लोक पुण्याचे असावेत. किंवा फेब्रुवारीतले.

लाईटचं सांगायला नको. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरची माहिती अर्धवट राहते. घरच्या इन्व्हर्टरवर मी भरवसा ठेवला, तर तो जागा होईपर्यंत पेटी मरून परत जन्मायची. इन्व्हर्टरला मागे यूपीएसचं बटण होतं, ते चार वर्षांत कोणी दाबलं नव्हतं. तरी एक लहान यूपीएस वेगळा घेतला, ज्याची वायर पेटीला जोडली की तो सांगतो, बाई, बॅटरी संपत आली, आवरून घे. पेटी स्वतःहून सगळं मिटून बंद होते. एवढी समज मंगल कार्यालयातल्या बँडला आली तर.

बाहेरगावाहून फोटो बघता यावेत म्हणून राउटरची दारं उघडून ठेवा, असं एका जाणकाराने सुचवलं. मी नाही उघडली. 2022 च्या जानेवारीत 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशाच उघड्या दारांतून जगभरातल्या घरगुती पेट्यांमध्ये शिरून फाइलींना कुलपं घातली होती. दार उघडं टाकून झोपायचं तर टाकी कशाला बांधली?

आणि आरशाचं खूळ डोक्यातून काढा. आरसा म्हणजे राखीव साठा नव्हे. एका नळावर दोन पिंपं भरली आणि पाणी गढूळ आलं तर दोन्ही गढूळ. माझ्या धाकट्याने 'दिवाळी' नावाचा फोल्डर उडवला, तेव्हा आरशातल्या डिस्कनेही तो त्याच क्षणी, अगदी आज्ञाधारकपणे उडवला. परत मिळाला तो पुण्याच्या बहिणीकडे ठेवलेल्या तिसऱ्या डिस्कवरून. ही डिस्क दर चार महिन्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसने जाते-येते, चटणी-भाकरीच्या पिशवीत. चार टीबी माझ्या 50 एमबीपीएसच्या अपलोडवर पाठवायला साडेसात दिवस लागतात. हुतात्मा चार तासांत पोचवते. शेंगा चटणीसकट.

शेवटचा उपद्व्याप माझाच. पेटीत एक सोय असते: वीस मिनिटं कोणी काही मागितलं नाही तर डिस्क फिरायच्या थांबतात. पूर्ण शांतता. मी ती सोय चालू केली, आणि त्या रात्री पावणेबाराला डिस्क थांबल्या.

मधल्या खोलीतून आवाज आला. मामा अंथरुणात उठून बसले होते, कपाळावर हात.

"काय बंद पडलं बे?"

शेडमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस. माग चालू असताना बाकड्यावर गाढ झोपायचा, आणि एक थांबला की जागा व्हायचा. मी म्हटलं काही नाही, मशीन झोपलंय. त्यांना पटलं नाही. कोनाड्यापाशी गेले, तळवा लावला, परत आले, पंख्याकडे बघत पडून राहिले. रात्री एक वाजता मुलीने मोबाईलवर कसलासा व्हिडिओ मागितला, डिस्क 'टक-खर्रर्र' करून जाग्या झाल्या, व्हूं सुरू झाली. पाच मिनिटांत मामा घोरायला लागले.

ती सोय मी बंद केली आहे. सारखं थांबून-सुरू होणं डिस्कलाही मानवत नाही, असं घरात सांगतो. आता पेटी रात्रभर चालते, मामा रात्रभर झोपतात. मी मोजून पाहिलं, मोबाईलवर: पेटी 27 डेसिबल, मामा 61.