अडेल अनामिका

कोल्हापुरात दुखण्याला औषध एकच: जोर. मान धरली, पाय मुरगळला की माणूस तालमीत वस्तादांकडं जातो आणि बोंबलत का होईना, सरळ होऊन येतो. खासबागेचं कुस्ती मैदान ज्या गावात १९१२ पासून उभं आहे, तिथं दुसरं काय होणार?

माझी उजवी अनामिका मात्र या परंपरेला जुमानत नाही. सकाळी मिटते ती मिटूनच राहते. डाव्या हातानं उचलावी, तेव्हा ‘टक्’ करून उघडते. मिसळीच्या दुकानात गोंगाटामुळं लांबूनच चार बोटं दाखवली, तर तीन मिसळी आल्या. चौथी ज्याची होती तो मेव्हणा अजून नीट बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, ‘ट्रिगर फिंगर.’ झालं! तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांचं हे गाव. त्यात स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून रायफलचं कांस्यपदक आणलेलं. “अण्णा, तुमचं पदक कवा?” असं गल्ली विचारू लागली. मी जत्रेतला फुगासुद्धा कधी फोडलेला नाही.

बोट वाकवणारी कंडरा तळहातातून पुढं जाताना एका अरुंद कड्यातून सरकते. कडं जाड झालं, कंडरेवर गाठ आली, की पायजम्याच्या नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकावी तशी ती अडकते. ‘टक्’ वाटतं मधल्या पेरात, पण भांडण असतं बोटाच्या मुळाशी. नोटा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८५० सालीच हे लिहून ठेवलंय. मधुमेहींना हा त्रास जास्त. डॉक्टरांनी शुगर विचारली. मी छताकडं पाहिलं, बायकोनं आकडा सांगितला.

“आणा हात हिकडं, एका हिसक्यात सरळ करतो,” वस्ताद म्हणाले. मी हात खिशात घातला. ओढायचं नाही, घट्ट पकडायची कामं बंद, रात्री पट्टी लावून बोट सरळ ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शिवाय ‘टक्’ मुद्दाम वाजवायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण गल्लीतली पोरं “काका, परत एकदा!” म्हणून मागं लागतात.

एवढ्यानं भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानं शुगर काही दिवस चढते. तेही फसलं, तर तळहात बधिर करून ते कडंच कापून मोकळं करतात.

वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे शेवटी डाव टाकायचाच हाय की! मग एवढा वेळ नुसती सलामी कशाला?”